घाटातले गोटे

मनकर्णाबाईच्या घरातून तलाव दिसत नाही, ऐकू मात्र येतो. मध्ये तलावाची पाळ आडवी आहे. गावच्या बायका सकाळी घाटावर धुणं घेऊन बसल्या की धप धप आवाज पाळीवरून खाली गोंडटोलीत उतरायचा. टोलीतल्या बाकी घरांना त्याचा अर्थ सकाळ झाली एवढाच. मनकर्णाबाई मात्र हातातलं काम टाकून आत जायची आणि कवाड लोटून घ्यायची. टोलीत नवी सून आली की विचारायची, "म्हातारी काहून अशी करते वं?" मग कोणीतरी हळूच सांगायचं, "तिचा पोरगा हाये त्या घाटात."

घाटात म्हणजे बुडून मेला असं नव्हे. त्याला पाण्याने नेलं नाही. पण ते सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागते.

मनकर्णाबाई दिघोरीकडची लेक. लग्न होऊन आली ती एकोडीच्या आतल्या अंगाच्या या गावात, सयामांच्या घरी. नवरा गोपीचंद गावाचा भुमक. भुमक म्हणजे गोंडांचा पुजारी, पण मान साऱ्या गावाचा. पेरणीच्या आधी तो शिवेवर पूजा मांडणार, आपल्या हाताने घरोघर मूठमूठ धान देणार आणि ते धान बियाण्यात मिसळल्याशिवाय गावात कोणी नांगराला हात लावणार नाही. त्या दिवशी भल्या भल्या घरचे शेतकरी गोपीचंदसमोर ओंजळ करून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच घरांतून त्याला चहा मिळायचा तो वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात. वर्षातला एक दिवस देव आणि बाकीचे दिवस गडी, असा हिशेब होता. गोपीचंदला त्याचं काही वाटायचं नाही. मनकर्णाबाईला वाटायचं, आणि ती बोलूनही दाखवायची.

"कप धुऊन परत खोचता, मंग त्याच हातचं बियानं कसं चालते तुमाले?" असं तिने एकदा लक्ष्मणरावांच्या ओसरीवर, त्यांच्या बायकोला, उषाबाईला विचारलं होतं. उषाबाई खजील झाली. दुसऱ्या खेपेला तो कप वळचणीला नव्हता. उषाबाई अशी होती. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी गावात सून होऊन आलेल्या. लक्ष्मणरावांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी असली की उषाबाई मालकीण असूनही पदर खोचून चिखलात उतरायची आणि मनकर्णाबाईच्या शेजारची ओळ धरायची. मैत्रीच होती ती, पण ओसरीपर्यंतची.

घनश्याम मनकर्णाबाईला फार उशिरा झाला. आशा सोडल्यावर झाला आणि एकटाच झाला. उंच, बोलका, आईची थट्टा करणारा. ती रोवणीला गेली की हा पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उचलून बायकांपुढे टाकायचा आणि म्हणायचा, "लवकर हात चालव वं माय, नाई तं सून आनतो अन् तुले घरी बसवतो." मिसरूड फुटून चार दिवस झाले नव्हते, आणि सुनेच्या गोष्टी.

त्याच पेंढ्यांपैकी एकीत साप होता. बांधी लक्ष्मणरावांची होती. त्यांनी हातातलं टाकलं, स्कूटर काढली, पोराला मध्ये बसवलं, मागे गोपीचंद त्याला छातीशी धरून, आणि चिखलाचे पाय घेऊन साकोलीच्या दवाखान्याकडे सुटले. साकोलीची पहिली दुकानं दिसली तेव्हा गोपीचंदने पुढे वाकून लक्ष्मणरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वळवा आता. झालं." लक्ष्मणराव हमरस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून लहान पोरासारखे रडले होते. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं त्यात लक्ष्मणरावांना वाईट ठरवणं सोपं जाईल. ते वाईट नव्हते. वाईट असते तर मनकर्णाबाईला त्यांचा राग तरी धड करता आला असता.

आता गोट्यांचं. सयामांच्या घराण्याची रीत अशी की मेलेल्या माणसासाठी एक गोटा उभा करायचा. तलावापलीकडच्या टेकरीवर, ऐनाच्या झाडाखाली, पितरांच्या ओळीत. जवळच्या माणसाने नाल्यातून गोटा निवडून स्वतःच्या खांद्यावर आणायचा, हळद-तांदूळ वाहून उभा करायचा, म्हणजे मेलेला आपल्या लोकांत जाऊन मिळाला. तोवर तो नुसता भटकत असतो. गोट्यावर नाव नाही, खूण नाही, शेंदूर नाही. कोण कोणाचा ते जागेवरून कळायचं: याच्या शेजारी त्याचा बाप, त्याच्या शेजारी आजा. उभा करताना फक्त पुरुष वर जातात, बाया टेकरीच्या पायथ्याशी थांबतात. घनश्यामचा गोटा गोपीचंदने आणला. मनकर्णाबाईने पायथ्यावरून पाहिला तो मावळतीकडचा, ओळीतला शेवटचा. तिला एवढंच माहीत होतं. तिला तेवढं पुरत होतं. शेण-पाणी करताना मान वर केली की टेकरी दिसायची आणि शेवटच्या टोकाला आपला पोरगा उभा आहे, हे तिला ठाऊक असायचं.

मग एका उन्हाळ्यात गावाने तलावाला घाट बांधायचं ठरवलं. श्रमदानातून. बायका चिखलात घसरतात, म्हाताऱ्यांचे पाय मोडतात, घाट हवाच होता. पुढाकार लक्ष्मणरावांचा, ट्रॅक्टर त्यांचा. सिमेंट आलं, रेती आली, पण कपडे आपटायला चपटे, मोठे दगड हवे होते. कोणीतरी म्हणालं, टेकरीवर गोंडांचे जुने गोटे पडून आहेत की. खरं तर पडून नव्हते, उभे होते. पण ज्या देवाला देऊळ नाही, शेंदूर नाही, पत्र्याचं छप्परसुद्धा नाही, तो देव गावाला दिसत नाही. विचारायचं तर विचारायला टोलीत कोणी नव्हतं. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अख्खी गोंडटोली दूरच्या जंगलात पानं तोडायला गेली होती, दर वर्षी जाते तशी. ती परत येईपर्यंत गोटे पायऱ्यांत आडवे बसले होते आणि वरून सिमेंट वाळलं होतं.

गोपीचंद लक्ष्मणरावांकडे गेला. लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. "बापा, मले का मालूम! मले वाटलं जुनेपुराने असतीन."

"घनश्याम होता त्याच्यात," गोपीचंद म्हणाला.

लक्ष्मणरावांनी ओसरीच्या खांबाला हात टेकला. मग म्हणाले, "आता सिमेंट लागून गेला, गोपीचंद. तोडू तं गाव का म्हनल?" आणि गावाने तोंडात मिठाची गुळणी धरली. घाट चांगला झाला होता, बायका खूश होत्या.

त्या साली पेरणीच्या आधी मनकर्णाबाईने नवऱ्याची वाट अडवली. यंदा बियाणं द्यायचं नाही म्हणाली. गोपीचंदने टोपलीतलं धान चाळवत उत्तर दिलं, "धानानं का केलं आपलं?" आणि गेला. तो जाईल हे तिला ठाऊक होतं, तरी ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिने त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: त्या घाटातला आपला कोणता? गोपीचंदने सांगितलं नाही. जागेवरून हललेल्या पितराकडे बोट दाखवू नये, नाव घेऊ नये, तो उठतो आणि त्याला जायला जागा नसते, अशी रीत आहे म्हणाला. रीत असेलही. पण बायकोला ठाऊक होतं की खरं कारण ते नाही. कोणता ते कळलं असतं तर ती रोज पाळीवर जाऊन बसली असती, आज त्याच्यावर कोण धुतं आहे ते पाहत. तिला तेवढं तरी नको दिसायला, म्हणून तो गप्प होता. "निघाले का मंग दाखवीन," म्हणायचा. "मले एकूनएक ओयखता येते."

अशी वर्षं गेली. माणसं म्हातारी झाली. घनश्यामचा गोटा उभा करायला जे गोपीचंदबरोबर टेकरी चढले होते, ते एकेक करून गेले. मनकर्णाबाई धुणं घेऊन दूरच्या नाल्यावर जात राहिली, गुडघे दुखायला लागले तरी.

लक्ष्मणरावांची सून शुभांगी सरपंच झाली तेव्हा गावात आदिवासी दिन साजरा करायचा ठरला. ऑगस्टचा महिना, शाळेचं मैदान, मंडप. शाळेतल्या पोरांच्या डोक्यात कोंबड्याची पिसं खोचलेली आणि कमरेला पानं. गोंडटोलीत असा पोशाख कोणाच्या आजानेही घातला नव्हता, त्यामुळे टोलीतली पोरंच सगळ्यात जास्त हसली. नाच झाला, भाषणं झाली, मग भुमक म्हणून गोपीचंदला शाल-श्रीफळ. त्याच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोला, म्हणाले.

गोपीचंदने शाल नीट घडी करून हातावर घेतली. "शाल देल्ली, बरं केलं," तो म्हणाला. "माहे गोटे द्या."

दोन शब्द म्हणाले होते, तो सात बोलला. शुभांगीला काही कळेना. तिने सासऱ्याकडे पाहिलं तर सासरा जमिनीकडे बघत होता. मग तिथेच, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत, उषाबाईने सुनेला सगळं सांगितलं. शुभांगी स्वतः सून होऊन आल्यापासून त्या घाटावर धूत होती. ती उठून गोपीचंदकडे गेली आणि माईक बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, मले खरंच मालूम नोयतं. काढू आपन. मी सांगतो, काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई सवयीने कवाड लोटायला उठली आणि उंबऱ्यातच थांबली. पाळीवरून काहीच आवाज येत नव्हता. रात्रीतून उषाबाई घरोघर फिरली होती. बायका कपडे घेऊन बोअरिंगवर गेल्या होत्या, तिथे रांग लागली होती आणि भांडणंही झाली, पण घाटावर कोणी गेलं नाही. मनकर्णाबाई अंगणात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सकाळी अंगणात बसून रडली. गोपीचंद तिच्या शेजारी बसला आणि तंबाखू मळत राहिला.

पावसाळ्यात तलाव भरलेला, बहुतेक पायऱ्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काढू, असं ठरलं. ग्रामसभेत एकमताने ठरलं, हात वर झाले. पण उन्हाळा आला तसं उन्हाळी धानही आलं. धानाला पाणी लागतं, म्हणून तलावात पाणी राखून ठेवलं. लक्ष्मणराव म्हणाले, "एवढा धान निंगू दे, गोपीचंद. गोटे कुठी पळून जाते का?" कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. गोपीचंदलाही नाही. तो तर शेतकऱ्यांना बियाणं देणारा माणूस, उभ्या पिकाचं पाणी तोडा कसं म्हणेल? धान निघालं आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. भिजत घोंगडं म्हणतात ते असं, आणि हे तर खरोखरच पाण्यात भिजत राहिलं.

दसऱ्याच्या सुमाराला गोपीचंदला लकवा मारला. एक अंग गेलं आणि जीभ गेली. साकोलीला डॉक्टरकडे नेऊन आणलं, औषधं झाली, पण जीभ परतली नाही. डोळे तेवढे जिवंत होते. मनकर्णाबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारायची, "आपला कोनता? सांगा ना जी." तो घशातून काहीतरी आवाज काढायचा, चांगला हात उचलायचा, हवेत काहीतरी दाखवायचा. लांबट? तिरपा? फुटका? ती एकेक शब्द म्हणून बघायची आणि तो डोळे मिटून मान हलवायचा.

शेवटी तिने पुतण्याला, प्रविणला हाक मारली. "बाज उचला. तलावावर न्या त्याइले. बोटानं तं दाखवतीन." चौघांनी बाजेसकट गोपीचंदला पाळीवर नेलं. खाली घाट होता आणि घाटावर छातीभर पाणी. गढूळ, हिरवट. एकही पायरी दिसत नव्हती. गोपीचंदने हात उचलून पाण्याकडे केला आणि तसाच धरून ठेवला. सगळे त्या बोटाच्या दिशेने बघत राहिले. तिथे पाणी होतं.

लक्ष्मणराव धावत आले. सारं पाहून तिथेच ओरडले, "तुडूम उघडा! पानी सोडा सारं!" तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. बांध्यांत भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निसवून उभं होतं, शेवटच्या पाण्याची वाट बघत. तलाव रिकामा झाला तर ते करपणार, त्यात सगळ्यात जास्त धान लक्ष्मणरावांचंच. तरी ते स्वतः पाण्यात उतरले आणि त्यांनी तुडूम उघडलं. कोणी अडवलं नाही.

पण तलाव मोठा. पाणी वीत-वीत उतरत होतं. पहिल्या पायरीची कड उघडी पडायच्या आधी, एका पहाटे, गोपीचंद गेला. मनकर्णाबाईने सकाळी सगळ्यात आधी निरोप धाडला तो लक्ष्मणरावांना: "तुडूम लावून घ्या म्हना. आता पान्याले सोडून का करता?"

पुढच्या उन्हाळ्यात गावात कोणी उन्हाळी धान लावलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण लावलं नाही. तलाव तळापर्यंत उतरला. लक्ष्मणरावांनी छिन्नी-हातोडा घेऊन पहिला घाव घातला. गावचे आणि टोलीचे लोक मिळून एकेक गोटा सिमेंटातून सोडवत होते, ओरखडा उठू नये म्हणून जपून. मग धुऊन ट्रॅक्टरमध्ये, खाली गवत पसरून त्यावर ठेवले. सारा गाव चालत टेकरीपर्यंत आला, पुढे टोलीचे ढोल. वरातीमागून घोडं, दुसरं काय. पण आलं, हेही खरं.

टेकरीच्या पायथ्याला गोटे उतरवून ठेवले. लक्ष्मणराव टोपी काढून सगळ्यांसमोर उभे राहिले. "आमची चूक झाली," म्हणाले. "गोपीचंद असता तं त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं."  उषाबाईने त्यांचा हात धरला.

गोटे उन्हात काळे, गुळगुळीत चमकत होते. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. वाईट हेतूने नव्हे, सहज. "तो कोपरा तुटलेला माहा होता." "अन् हा बायजाबाईचा." "तो रुंद सासूबाईचा, अन् मंग माहा." इतक्या वर्षांच्या धुण्याने गावातल्या प्रत्येक बाईला आपापला गोटा ओळखता येत होता.

शुभांगी हळदीचं ताट घेऊन पुढे आली. "आजी," ती मनकर्णाबाईला म्हणाली, "घनश्यामभाऊचा कोनता? पयले त्यालेच हळद लावा."

ढोल थांबला. कुजबुजही थांबली, कारण बोलणाऱ्या बायकांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

"मले मालूम नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "ज्याले मालूम होतं तो गेला."

 प्रविणने वर ऐनाखाली खड्डे खणून ठेवले होते, ओळीने, आणि ओळीच्या टोकाला गोपीचंदसाठी एक नवा. तो काकीजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकी, कोनताई एक शेवटी लावू. तोच घनश्याम म्हनू. देव समजून घेईन."

"अन् तो कोनाचा बाप निंगाला तं? माहा पोरगा मंग कोनाच्या जागेवर उभा राहीन? कोनाले बाबा म्हनन तो?"

  दगड आले होते, ओळ परत आली नव्हती.

मनकर्णाबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्या गोट्यांत तिचा भासरा होता. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, प्रविणचा बाप इश्वर. भासऱ्यासमोर तोंड उघडं करायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या सावलीलाही शिवायचं नाही. तो जिवंत असेपर्यंत तिने हे पाळलं, मेल्यावरही पाळत आली होती. आणि कोणता गोटा त्याचा हे ठाऊक नसल्याने एकालाही हात लावायची तिला मुभा नव्हती. टोलीतल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

ती पहिल्या गोट्यापाशी गुडघ्यावर बसली. हळदीत हात बुडवला आणि दोन्ही तळवे त्या गोट्यावर ठेवले.

"भासरेजी," पदराआडून ती म्हणाली, "तुमी असान तं माफी करजा. पोरगा पाहून राहिली."

तिने हात फिरवला, वरून खाली, कडांवरून, जसा लहान लेकराच्या अंगावरून फिरवतात. मग सरकत दुसऱ्यापाशी गेली. तिथेही तेच म्हणाली, कारण तोही भासरा असू शकत होता. "माफी करजा जी. पोरगा पाहून राहिली." तिसऱ्यापाशी. चौथ्यापाशी. प्रत्येक गोटा सारखाच गुळगुळीत होता, सारखाच उन्हाने तापलेला. उषाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती. प्रविण खड्ड्यांकडे पाठ करून थांबला.

शेवटचा गोटा झाला. मनकर्णाबाईने त्यावर बराच वेळ हात ठेवला. मग ती उठली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.